खर्ड्याचा ‘ख’

११ मार्च १७९५. खर्ड्याच्या शिवारात रात्र उतरली आहे आणि तुम्ही पटवर्धनांच्या गोटात एका राहुटीच्या दाराशी उभे आहात. दिवसभर तोफा वाजल्या. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली शिंदे, होळकर, भोसले सगळे एका बाजूला आणि समोर निजाम अली. अंधार पडल्यावर निजामाच्या फौजेत गोंधळ उडाला आणि त्याने पलीकडच्या भुईकोटाचा आसरा घेतला. निंबाळकरांनी १७४३ साली बांधलेला हा किल्ला, चौकोनी, दगडी तटाचा. तटाकडे बघताना तुमची नजर सवयीने काहीतरी शोधते आणि ते सापडत नाही. वेशीवर नाव नाही. पेठेत दुकानांवर पाट्या नाहीत. कुठला गोट कोणाचा हे निशाण सांगतं, काय घडलं ते नौबत सांगते, आणि किल्ल्याचं नाव ज्याला माहीत असायला हवं त्याला ते माहीत असतं. अनोळखी माणसाने, कोणाला न विचारता, लांबून वाचावं असं अक्षर या गावाला अजून लागलेलंच नाही.

अक्षर आहे ते राहुटीच्या आत, कारकुनाच्या गुडघ्यावर. पत्र पटवर्धनांच्या मिरजेला जायचंय, सांडणीस्वार थांबलाय. कारकून बोरू दौतीत बुडवतो आणि आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढतो. मग त्या रेघेखाली शब्द लटकवत सुटतो. मोडी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, हात उचलायला सवड नाही. चिटणीसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी या लिपीची घराणी आहेत आणि जाणकार माणूस वळण बघून दप्तर ओळखतो. तुम्ही वाकून ‘खर्डा’ हा शब्द शोधता. तो तिथे चार वेळा आहे आणि तुम्हाला एकदाही सापडत नाही.

मजकूर संपल्यावर लेखनसीमेचा छोटा शिक्का उमटतो. या सगळ्या लष्करात नटूनथटून बसलेलं अक्षर असेल तर ते या शिक्क्यावरचं. आणि ते ज्याने कोरलं त्याने उलटं कोरलेलं आहे, हे ध्यानात ठेवा. राहुटीच्या कोपऱ्यात रुमालात बांधलेली एक पोथीही आहे. तिच्यातलं अक्षर तुम्हाला घडाघड वाचता येतं, कारण ते बालबोध, म्हणजे देवनागरी. देवाला बालबोध, पैशाला मोडी अशी ही वाटणी आहे आणि तिच्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तह होईल, निजाम पैसे आणि मुलूख कबूल करील, त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क पुण्याला ओलीस जाईल. त्यातलं जे जे कागदावर येईल ते मराठ्यांच्या दप्तरात मोडीतच. शंभर वर्षांनी वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तरातली पत्रं बालबोध खिळ्यांनी छापतील तेव्हा कुठे ती तुमच्यासारख्यांसाठी उघडतील.

पत्राच्या मागे मागे तुम्हीही मिरजेला चला, फक्त दहा वर्षांनी पोचा.

वाटेत पुण्यावरून जायचं. पेशवे सवाई माधवराव लढाईच्याच वर्षी, २७ ऑक्टोबरला, गेले. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात होता तेव्हा त्याच्या नादाने एक तांबट पत्र्यावर देवनागरी अक्षरं कोरायला शिकला, आणि नाना फडणवीसांच्या मनात गीता छापून वाटायचं आलं. पुढच्या धामधुमीत ते काम राहिलं, १८०० साली नानाही वारले. तांबट मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला. १८०५ साली तुम्ही त्याच्या ओट्यावर पोचता तेव्हा गीता छापून होतेय.

पत्रा हातात घ्या. त्यावरचा ‘ख’ तुमच्याकडे पाठ करून उभा आहे. ‘र’ उजवीकडे, ‘व’ डावीकडे, दोन्ही उलटे. शिक्के कोरणारे उलटं लिहीत आलेच होते, पण अठरा अध्याय उलटे लिहायचं धाडस नवं. आणि त्याहून नवं एक आहे. बोरूची जीभ तिरकी कापलेली असते, त्यामुळे हात कुठे वळला त्यावर रेघ आपोआप जाड किंवा बारीक होते. कोरणीला असलं काही आपोआप होत नाही. जाड रेघ हवी तर ती जाड कोरावी लागते. तांबटाच्या डोळ्यांसमोर पोथीचंच वळण असणार, त्याला दुसरं माहीत असायचं कारण नाही. पण जे लेखकाच्या मनगटातून फुकट येत होतं ते आता ठरवून करावं लागतंय. मला विचाराल तर आपल्या शोभेच्या अक्षराचा इतिहास इथे, या ओट्यावर सुरू होतो. अक्षर एका हत्याराने जन्माला येतं आणि दुसऱ्या हत्याराने त्याची नक्कल होते, तेव्हा त्यातलं प्रत्येक वळण हा कोणाचा तरी निर्णय होतो.

त्याच १८०५ साली तिकडे बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरी मराठीचं व्याकरण छापून काढतोय. पंचानन कर्मकारांच्या तालमीतल्या कारागिरांचे ओतीव खिळे, एकेक अक्षर सुटं. त्याच्याच १८१०च्या मराठी कोशासाठी तर मोडीचेसुद्धा खिळे पाडले गेले. सलग, हात न उचलता लिहायची लिपी, तिचे तुकडे करून शिशात ओतले! कल्पना करा, खर्ड्याच्या त्या कारकुनाला हे दाखवलं असतं तर तो काय म्हणाला असता.

आता मुंबई, १८६९. राणोजी रावजी आरू पोलादी पंच कोरत बसलेत. त्यांच्यासोबत जावजी दादाजी, वय तीस, लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामापासून सुरुवात केलेला माणूस. पाच वर्षांपूर्वी त्यांनी खिळे ओतायचा स्वतःचा कारखाना काढला आणि आता ‘निर्णयसागर’ उभा राहतोय. राणोजी पंचाचं टोक दिव्याच्या ज्योतीत धरतात, त्यावर काजळी जमते, ते कागदावर दाबतात. मिचमिच्या डोळ्यांनी बघतात. कानशीचा एक हात. पुन्हा ज्योत, पुन्हा कागद. पोथी लिहिणाऱ्याच्या दौतीतही काजळच होतं, पण त्याला चुकलेलं अक्षर हरताळ लावून बुजवावं लागे. राणोजी अक्षर चुकण्याआधीच बघू शकतात. मनासारखं झालं की पंच तांब्यात ठोकायचा आणि त्या साच्यात शिसं ओतायचं. एका पंचातून हजारो ‘ख’.

इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं या खोलीतून निघालंय. निर्णयसागरचं वळण इतकं नेटकं बसलं की काशीच्या पंडितापासून जर्मनीतल्या प्राध्यापकापर्यंत संस्कृत वाचणारा माणूस याच अक्षरांत वाचू लागला. मुंबई वळणाचे अ, झ, ण पुढे हिंदीनेही घेतले. जुळाऱ्याच्या शेजारी उभं राहून त्याला ‘खर्डा किल्ला’ जुळवायला सांगा. तो ‘ख’ उचलतो, मग ‘ड’, वरच्या थरात रफार बसवतो, काना लावतो. मग वेलांटी, क, अर्धा ल, पुरा ल, काना. दोन शब्दांसाठी त्याचा हात खिळ्यांच्या केसच्या चारी कोपऱ्यांत फिरून येतो. रोमन जुळवणाऱ्याच्या कितीतरी पट खाने त्याच्यासमोर आहेत. हे खाने कमी करायच्या खटाटोपात पुढे लोकमान्य टिळकही पडले आणि १९३०च्या दशकात लायनोटाइपसाठी हरि गोविंद गोविलही. यंत्राला अक्षरं थोडी हवीत, डोळ्याला सगळी.

पण हे सगळं हातातल्या पुस्तकाचं अक्षर. भिंतीवरचं अक्षर वेगळ्या गरजेतून आलं. लंडनमध्ये १८००नंतर सोडतीच्या आणि नाटकांच्या जाहिराती भिंतींवर झळकायला लागल्या, रॉबर्ट थॉर्नसारख्या ओतकामवाल्यांनी रोमन अक्षर फुगवून फुगवून त्याची ढेरी काढली. शिशाचा मोठा खिळा जड, महाग आणि ओतताना हमखास वाकडा. म्हणून १८२७ साली न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी खिळे यंत्राने कापायला घेतले. आपल्याकडेही मोठ्या देवनागरीला लाकूडच धावून आलं. संगीत नाटकांच्या मंडळ्या गावोगाव फिरायला लागल्या, त्यांना हस्तपत्रकं हवी, त्यांवर नाटकाचं नाव मोठं हवं. पण एक अडचण होती. रोमन अक्षर फुगवायचं तर उभ्या दांड्या जाड आणि आडव्या रेघा बारीक ठेवायच्या. नागरीचा बोरू उलट्या बाजूने कापलेला. त्याचा भार तिसऱ्याच तिरक्या रेघेवर पडतो. शिवाय वर शिरोरेषा, जिला बारीक करावं तर शब्द विस्कटतो आणि जाड करावं तर मात्रा गुदमरतात. त्यामुळे लंडनची नक्कल जिथे सरसकट झाली तिथे काना खांबासारखा आणि बाकीचं अक्षर उपाशी, असं रूप आलं. ते आजही जुन्या जाहिरातींत दिसतं.

खर्ड्याला परत या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्रजांच्या गॅझेटिअरात या गावाची नोंद आहे: पाचशेहून जास्त व्यापारी, दुकानदार, सावकार, धान्याचा आणि देशी कापडाचा मोठा व्यापार, गावाच्या मध्यभागी निंबाळकरांचा वाडा, पण पडका. नगरला १८४२पासून मिशनऱ्यांचं ‘ज्ञानोदय’ निघायला लागलं होतं, म्हणजे छापलेली बालबोध या जिल्ह्याला नवी नाही. तरी पेढीवर बसा आणि चोपडी उघडा. मोडी! लढाईला शंभरावर वर्षं झाली, राज्य गेलं, पेठेचं अक्षर मात्र तेच. १९१७ साली मुंबई सरकार कारभारात मोडीऐवजी बालबोध आणायचं ठरवतं आणि तिथून ती हळूहळू सरकारातून जाते, मग शाळेतून, शेवटी दुकानातून. कोणी तिच्यासाठी रडत नाही. कामाचं अक्षर काम संपलं की जातं.

आता पाटीही आली. तिच्यासाठी खिळा नको, कुंचला हवा. कोल्हापुरात बाबूराव पेंटर ‘कल्याण खजिना’चं पोस्टर रंगवतायत, १९२४, भारतीय सिनेमाची जी जुनी चित्रमय पोस्टरं टिकली त्यांत याचं नाव पहिलं घेतलं जातं. पेंटर हा धंदाच आता गावोगाव पसरतो. १ जून १९४८ला नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी सुटते आणि पुढे प्रत्येक गाडीच्या कपाळावर गावाचं नाव लागतं. जामखेडच्या फाट्यावर ज्याला वाचता येतं तो आता ‘खर्डा’ लांबून वाचतो, गाडी धुरळा उडवत असताना वाचतो. १७९५ला ज्याची गरज नव्हती तो अनोळखी वाचक हा.

पेंटरच्या शेजारी उकिडवे बसा. तो दोरीला खडू फासतो, दोन टोकं ताणून धरतो आणि मधोमध टिचकी मारतो. पत्र्यावर पांढरी रेघ उमटते. आधी रेघ, मग शब्द. राहुटीतल्या कारकुनाने हेच केलं होतं, आणि या दोघांची कधी गाठ पडलेली नाही. मग चपटा कुंचला. तो धरायची पद्धत बोरूचीच, म्हणून पेंटरच्या अक्षरात जाड-बारीक पुन्हा आपोआप यायला लागतं. मिरजेच्या तांबटाला जे ठरवावं लागलं ते इथे मनगटाकडे परत गेलं.

‘ख’ तो जुन्या पद्धतीने काढतो, ‘र’ सुटा आणि ‘व’ सुटा. याच सुटेपणावर १९५३ साली लखनौच्या लिपिसुधारणा परिषदेत खल झाला. ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांत घोटाळा होतो, हे उदाहरण सुधारकांच्या तोंडी कायमचं बसलेलं. तोडगा निघाला तो ‘र’ची शेपटी ‘व’च्या पायाला जोडायचा. आज तुम्ही वाचताय तो ‘ख’ त्या जोडणीचा. खर्ड्याची गाडी ‘रवर्डा’ म्हणून कोणी चुकवली असेल असं मला वाटत नाही, पण परिषदांना उदाहरणं लागतात.

मुंबईत याच काळात कमल शेडगे वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षकं काढायला लागलेत. त्यांचं टेबल बघण्यासारखं आहे. प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर, असं अक्षर की नाव वाचण्याआधी नाटकाची जात कळावी. शोकांतिका, फार्स, ऐतिहासिक. तिकीट काढणाऱ्याला ते अक्षरच सांगायचं. पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी हे केलं, २०२०मध्ये ते गेले. यातलं एकही अक्षर खिळ्यात ओतलेलं नव्हतं. दुसऱ्या नाटकाला ते लागूच पडलं नसतं.

त्यांच्या त्या टेबलापासून पुढची तीसेक वर्षं भरभर ओलांडा. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक येतं, संगणकावर मराठी चढते, श्रीलिपी घरोघरच्या डीटीपीवाल्यांकडे पोचते. मग फ्लेक्स. पेंटर दोनेक वर्षांत बेकार होतो. संगणकाला शिव्या द्यायची पद्धत आहे, मी देणार नाही. बिघडवलं ते ताणण्याने. माउसने अक्षर आडवं ओढलं की काना जाड होतो आणि शिरोरेषा तेवढीच राहते. उभं ओढलं की उलटं. लाकडी खिळ्यांच्या काळातलं खांबासारखं उपाशी अक्षर परत आलं, यावेळी सावली, पिवळी कड आणि नेत्यांचे फोटो घेऊन.

आणि मग पुनरुज्जीवनं सुरू होतात. त्यांच्यासाठी तुम्हाला एकदम मागे, १५०३मध्ये जावं लागेल. अहमदनगर वसून दशकच उलटलंय. तिकडे पश्चिम भारतात एक जैन लेखक कल्पसूत्राची प्रत करतोय. रुंद जिभेचा बोरू, ठसठशीत, चौकोनी, भरगच्च अक्षर. त्याला हे अक्षर सजावटीचं वाटत नाही. पर्युषणात वाचायच्या पोथीचं हेच अक्षर असतं, बस. पाचशे वर्षांनी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेत गिरीश दालवी आणि मैथिली शिंगरे याच १५०३च्या प्रतीवरून ‘जैनी’ हा टंक करतात. त्याची दोन रूपं: एकात जुनी वळणं, दुसऱ्यात आजच्या वाचकाला ओळखीची. आज तो दिसतो शीर्षकांत, मुखपृष्ठांवर, मिठाईच्या खोक्यावर. पोथीचं कामाचं अक्षर शोभेचं झालं.

तुमच्या प्रवासात हे पुन्हा पुन्हा घडलंय, तुमच्या लक्षात आलं असेलच. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आला. त्या पाट्या कोणी कलाकुसर म्हणून रंगवल्या नव्हत्या. दादर आलं हे गाडी हलायच्या आत कळावं म्हणून रंगवल्या होत्या. श्मिट यांनी एक झकास गोष्ट केली. रोमन अक्षरंही नागरीच्या कुंचल्याच्या कोनातून काढली. दोनशे वर्षं नागरीला रोमनचे कपडे घातले जात होते, इथे पारडं फिरलं. म्हणूनच हा टंक लांबूनही आपला वाटतो. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला गुबगुबीत ‘मोदक’ मात्र कशाचंच पुनरुज्जीवन नाही. अक्षर किती फुगवता येईल आणि तरी वाचता येईल याची ती मौज आहे, आणि फुगवलंय ते सगळ्या अंगाने, काना तेवढा धरून नाही. लाकडी खिळ्यांना जे जमलं नाही ते इथे जमलं.

उलट दिशेचं उदाहरण निर्णयसागरचं. हार्वर्डच्या मूर्ती ग्रंथमालेसाठी फिओना रॉस आणि जॉन हडसन यांनी देवनागरी केली तेव्हा त्यांच्यासमोर निर्णयसागरचं वळण होतं. त्यातूनच पुढे ‘टिरो देवनागरी’ मोफत मिळायला लागली, हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी तीन वेगळी. मराठीसाठी वेगळी का, हे ‘खर्डा किल्ला’ टंकून बघा. बऱ्याच टंकांत ‘ल्ल’ हिंदी रूपात येतो. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठी ल आणि श यांची रूपं ठरवून दिली, तरी फ्लेक्सवाल्याच्या संगणकाला हे कोणी सांगितलेलं नसतं. राणोजींचं वळण मात्र पुन्हा कामाला लागलं, तेही पुस्तकाच्याच कामाला, आणि ते मला सगळ्या शोभेच्या टंकांपेक्षा मोठं वाटतं.

राहिली मोडी. २०१४मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिला जागा मिळाली, नोटो टंकमालिकेत तिचा टंक आला. तरुण पोरं ती टी-शर्टवर छापतात, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात घालतात, हातावर गोंदवतात. वाचता येत नाही, पण दिसते भारी. शोभेच्या अक्षराची याहून चोख अवस्था नाही. मग २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती आरक्षणाच्या दाखल्यांसाठी मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला लागते. तहसील कचेऱ्यांतून जुनी रजिस्टरं निघतात, आणि ती उघडल्यावर आत मोडी. मोडी वाचक कुठे मिळतो याची शोधाशोध होते, प्रशिक्षण वर्गांना माणसं येतात. तुम्ही अशा एका वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसा. फळ्यावर गुरुजी आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली पणजोबाचं नाव, जात, गाव असं एका दमात लिहून विचारतात, वाचा. पहिल्या बाकावरचा एकजण, ज्याच्या शर्टावर मोडी आहे, अडखळत सुरुवात करतो आणि दुसऱ्याच अक्षराला थांबतो. शेजारची बाई त्याच्या आधी वाचून दाखवते. तिच्या घरच्या दाखल्याचा अर्ज अडकलेला आहे.